त्याला आठवत नव्हतं ते सगळं

माझा नवरा पितो हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. आमच्या सोसायटीत पिणारे बरेच होते. माझं भांडण दारूशी नव्हतं, त्याच्या एका वाक्याशी होतं. सकाळी आंघोळ करून, केसांना तेल लावून, चहाचा कप हातात घेऊन तो म्हणायचा, "मी काय बोललो? मला नाही आठवत."

आम्ही बदलापूर गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहतो, तिसऱ्या मजल्यावर. तो अंबरनाथच्या एमआयडीसीत मशिनवर आणि मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात. माझं काम फिनिशिंगचं. शिवून आलेल्या पँटचे धागे कापून घ्यायचे, बटणं तपासायची, बायकांकडून माल वेळेत काढून घ्यायचा. मुलगी तेव्हा पाचवीत होती. रविवारी सकाळी आम्ही तिघं पांढरे कपडे घालून विहारात जायचो. वंदनेत पाचवं शील यायचं, मद्यापासून दूर राहण्याचं. ते तो हात जोडून सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा. आवाज चांगला आहे त्याचा. संध्याकाळी तोच आवाज खालून पार्किंगमधून वर यायचा.

हे पार्किंगचं कसं सुरू झालं ते सांगते. एके दिवशी रिक्षांचा बंद होता. आमच्या कारखान्यातले कटिंग मास्टर, साठीला आलेले, मूळचे यूपीचे, अंबरनाथला राहायचे. मी गेटवर ताटकळलेली बघून म्हणाले, "चलो बेटी, छोड देता हूँ." बाइकवरून मला बिल्डिंगपर्यंत सोडलं आणि माघारी गेले. एवढंच. त्या संध्याकाळी नवरा पिऊन आला तो वर आलाच नाही. पार्किंगच्या मधोमध उभा राहिला आणि माझं नाव घेऊन ओरडायला लागला. मास्टरबरोबर माझं काय चाललंय, कधीपासून चाललंय, मी कारखान्यात कशासाठी जाते. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. बिल्डिंगला ते पाठ आहेत. एकेका गॅलरीतला दिवा लागत गेला, पण खाली कुणी उतरलं नाही.

सकाळी मी विचारलं तर, "मला नाही आठवत."

मग ते नेहमीचंच झालं. पुढे एकदा तो कारखान्यावर आला आणि सगळ्या कारागिरांसमोर त्यानं मास्टरांची कॉलर धरली.  त्या महिन्यातच त्यांनी काम सोडलं, दुसऱ्या गल्लीतल्या कारखान्यात गेले. रस्त्यात दिसले तर मान वळवून जायचे. मला कैची धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

पहिल्या मजल्यावरच्या मॅडमकडे माझी मुलगी शिकवणीला जायची. एक दिवस ती दप्तर घेऊन गेली तशीच परत आली. मी खाली गेले. मॅडमनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, "आमच्याकडे बाकीच्या पण मुली येतात ना वहिनी. त्यांच्या आया विचारतात. समजून घ्या." आणि दार लावलं. मी जिन्यात उभी राहिले. तेव्हा मला रडू आलं नाही. तेव्हा मी ठरवलं की या माणसाला याची भरपाई करावी लागेल. पण कशी? पिलेल्या माणसाला काही लागत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. मी एकदा मोबाइलवर रेकॉर्डिंग करून पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरून नुसता घुमणारा आवाज आला आणि कुत्र्यांचं भुंकणं. ते ऐकून तो म्हणाला, "हा मी कशावरून?"

म्हणून मला त्याची दारू सोडवायची होती. संसारासाठी नाही. सगळ्यांना तसं वाटलं, मी वाटू दिलं. मला तो शुद्धीवर पाहिजे होता. शुद्धीवरच्या माणसालाच शिक्षा करता येते.

सासूबाईंनी आधी एक पूड आणली, कुठल्याशा वैद्याकडून. "डाळीत टाक, त्याला सांगू नकोस," म्हणाल्या. मी टाकली. त्यावर तो प्यायला आणि पुढचा अख्खा दिवस ओकत होता, तोंड लालभडक, छाती धडधडत होती. मी बादली पुढे सरकवत होते. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. पण डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "काय दिलंत त्याला? असं न सांगता काही देऊ नका. मेला असता." तो मेला असता तर माझं सगळंच राहिलं असतं. पूड मी संडासात टाकली.

दारू सोडणाऱ्यांचा एक ग्रुप असतो हे मला कळलं ते कारखान्यात. मालकांची आई रोज दुपारी काउंटरवर येऊन बसायची. सिंधी बाई, पांढरा सलवार-कमीज, आम्ही सगळे तिला अम्मा म्हणायचो. कॉलरचा प्रकार तिच्यासमोरच झाला होता. एक दिवस सगळ्या बायका जेवायला गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं कामावरून काढणार.

"बेटी, मेरा बडा वाला भी पीता था," ती म्हणाली. "अब नहीं पीता. शनिवार को जाता है. औरतों का भी है वहाँ, अलग कमरा. मैं गयी हूँ बहुत साल. तू जा."

"क्या करते हैं वहाँ?"

"बैठते हैं. बोलते हैं."

"बस?"

"तू जा तो सही."

शनिवारी काम सुटल्यावर मी गेले. उल्हासनगरच्याच एका कॅम्पातल्या शाळेचा वरचा मजला, मागच्या जिन्यानं. जिन्यात बोर्ड नव्हता, पण वरून हसण्याचा आवाज येत होता. मला वाटलं मी चुकीच्या ठिकाणी आले. दोन वर्ग होते. एकात पुरुष बसले होते, थोड्या बायकाही, पिणं सोडलेले आणि सोडू बघणारे. दुसऱ्यात त्यांच्या घरचे, बहुतेक बायका. फळ्यावर कुणीतरी अपूर्णांकाचं गणित अर्धवट ठेवलेलं. मुलांच्या बाकांवर आम्ही गुडघे वाकडे करून बसलो. आडनाव कुणी विचारलं नाही. अंबरनाथच्या एक निवृत्त नर्स सगळं बघायच्या, त्यांना सगळ्या ताई म्हणत. ताई म्हणाल्या, "बोलायचं असेल तर बोल, नाहीतर ऐक."

मी पहिल्याच दिवशी बोलले. म्हटलं, "मला माझ्या नवऱ्याची दारू सोडवायचीय, म्हणजे मला त्याच्यावर सूड घेता येईल."

मला वाटलं, बायका दचकतील. एकीनं "हं" केलं. दुसरी म्हणाली, "माझी पण सुरुवात अशीच होती." ताईंनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, "त्याची दारू तुझ्या हातात नाही गं. पण ये तू. शनिवारी ये."

मी दर शनिवारी जायला लागले. तिथे कुणी मला "समजून घ्या" म्हणालं नाही. पार्किंगमधले शब्द मी पहिल्यांदा तोंडातून काढले ते त्या वर्गात. बायका ऐकत राहिल्या, कुणी मान खाली घातली नाही. ती जागा माझी झाली.

तेवढ्यात नवऱ्याच्या डोक्यात आलं की ही शनिवारी उशिरा येते कुठून. मी सांगितलं होतं, कामावर ओव्हरटाइम. त्यानं कारखान्यात फोन केला, कळलं की मी वेळेत सुटले. पुढच्या शनिवारी तो माझ्या मागे आला. वाटेत प्यायला असणार. आमची मिटिंग चालू होती, एक म्हातारी आजी आपल्या मुलाबद्दल सांगत होती, आणि दार धाडकन उघडलं.

"कुठंय तो?" तो ओरडला. "बाहेर काढ त्याला!"

वर्गात आम्ही बायका. निम्म्या केस पांढरे झालेल्या. सगळ्यांच्या हातात कागदी कप. तो बाकांखाली बघायला वाकला आणि फळ्याला धडकला.

त्या आजी शांतपणे म्हणाल्या, "कोणाचा हा?"

"माझा," मी म्हटलं.

आवाज ऐकून पलीकडच्या वर्गातले पुरुष आले. मला आनंद झाला. वाटलं, आता हे त्याला धरतील, चार थोबाडीत देतील, जिन्यावरून खाली लोटतील. त्यात एक अंबरनाथचे गॅरेजवाले काका होते, मोठ्या अंगाचे, हाताला कायम ग्रीस. त्यांनी माझ्या नवऱ्याचा दंड पकडला. मी श्वास रोखून बघत होते. काका म्हणाले, "ये रे बाबा. बस आमच्यात. चहा घे. माझं पण असंच झालं होतं, मी तर चुकीच्याच घरात घुसलो होतो." बाकीचे हसले. माझा नवराही वेड्यासारखा हसला. आणि ते त्याला खांद्यावर हात टाकून घेऊन गेले.

मला इतका संताप कधी आला नव्हता. माझी जागा होती ती. तिथेही तो आला आणि तिथे त्याला चहा मिळाला. मी ताईंना म्हटलं, "हाकला ना त्याला." ताई म्हणाल्या, "असेच येतात सगळे. शुद्धीत कोण येतं इथे?"

पुढच्या शनिवारी तो आपणहून आला. काकांनी त्याला आठवडाभर रोज फोन केला होता. काकांनीच त्याला डॉक्टरकडे नेलं, कारण एकदम सोडल्यावर त्याचे हात कापत होते, भिंतीवर त्याला मुंग्या दिसत होत्या. मी रजा घेऊन त्याच्या उशाशी बसले. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "माझ्या सुनेनं जीव वाचवला त्याचा." मी मनात म्हटलं, वाचू दे.

तो पुन्हा दोनदा घसरला. मग मात्र टिकला. एक वर्ष झालं तेव्हा ग्रुपनं केक आणला. त्या दिवशी दोन्ही वर्ग एकत्र बसले. तो उठून बोलला, त्याच चांगल्या आवाजात. म्हणाला, "माझी बायको माझ्या पाठीशी उभी राहिली, म्हणून मी आज इथे आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुरुष माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. मी केकचा तुकडा हातात घेऊन बसले होते आणि माझ्या मनात एकच होतं की आता हा शुद्धीवर आहे, आता वेळ झाली.

वेळ त्यानंच आणली. ग्रुपमध्ये सांगतात की ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांच्याकडे जा, जमेल तसं निस्तरा. एका सकाळी मी पोळ्या लाटत होते, तो ओट्याशी येऊन हात जोडून उभा राहिला. "मला माफ कर."

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल."

"सगळं म्हणजे काय?"

त्यानं जोडलेले हात खाली घेतले. मग हळूच म्हणाला, "मला खरंच नाही आठवत गं. त्रास दिला एवढं माहितीय."

आधी मला वाटलं, खोटं बोलतोय. शनिवारी मी ताईंना विचारलं. त्या नर्स होत्या, त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, "इतकी पिली की मेंदू साठवतच नाही. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, पण आत काहीच उमटत नाही. आठवणार कुठून?"

म्हणजे इतकी वर्षं तो खोटं बोलत नव्हता. हे ऐकून माझा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला. ते सगळं फक्त माझ्याकडे होतं. त्यानं केलं आणि सांभाळत बसले मी.

रविवारी मुलीला आजीकडे ठेवलं आणि त्याला म्हटलं, "चला, नदीवर जाऊ." आम्ही स्कूटरवरून नदीकाठी गेलो, पुलाच्या अलीकडे. तिथे दगडावर बसवलं आणि म्हटलं, "अहो, आता ऐका. मधे बोलायचं नाही."

मी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. शब्द न गाळता. तो काय बोलला, कुठे उभा होता, कोणाच्या गॅलरीत कोण होतं. मुलगी कानावर उशी धरून कशी झोपायची. मास्टरांच्या शर्टाचं बटण तुटून माझ्या टेबलाखाली कसं आलं. थोड्या वेळानं तो रडायला लागला. मी थांबले नाही. तो म्हणाला, "पुरे." मी म्हटलं, "मला कुणी पुरे म्हटलं नाही." ऊन वर आलं, कपडे धुणाऱ्या बायका निघून गेल्या, मी बोलत होते. घसा दुखला तेव्हा थांबले. पुढच्या रविवारी पुन्हा नेलं.

असे किती रविवार गेले कोण जाणे. शेवटी तो म्हणाला, "मी काय करू सांग."

"माफी स्वयंपाकघरात नाही मागायची. जिथे उभं राहून बोललात तिथे उभं राहून मागायची. सगळ्यांसमोर."

तो पांढरा पडला. त्यानं काकांना विचारलं. काका म्हणाले, "वहिनींना चालत असेल तर कर." पण ताईंनी मला बाजूला घेतलं. "बाई, याला सूड म्हणतात."

"हो."

"मग कर. पण नाव सूडच ठेव. उगाच न्याय-बिय म्हणू नकोस."

त्यांचं हे मला फार आवडलं.

आमच्या सोसायटीची सभा पार्किंगमध्येच होते, रविवारी सकाळी. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात. त्या दिवशी टाकीच्या गळतीवर खूप वेळ भांडण झालं. शेवटी सेक्रेटरी काकांनी विचारलं, "अजून कोणाचा विषय?" माझा नवरा उभा राहिला. पँटला हात पुसले. म्हणाला, "मी इथे दारू पिऊन माझ्या बायकोबद्दल बोलायचो. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. ते खोटं होतं."

लगेच चुळबुळ झाली. सेक्रेटरी काका म्हणाले, "अरे जाऊ दे, झालं गेलं. घरातली गोष्ट आहे."

मी उठले. "काका, घरात नव्हती, इथे होती. त्यांना पूर्ण करू द्या." आणि त्याला म्हटलं, "काय खोटं होतं, ते सांगा."

त्यानं सांगितलं. मास्टरांचं नाव घेऊन, मी कारखान्यात कशासाठी जाते म्हणायचा तेही सांगून. एकेक वाक्य म्हणायचा आणि पुढे जोडायचा, "हे खोटं होतं." त्याचा तो मोठा आवाज त्या दिवशी निघत नव्हता. मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं, "ऐकू येत नाही," आणि मी म्हटलं, "जरा जोरात. तेव्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचं." त्यानं पुन्हा जोरात म्हटलं.

पहिल्या मजल्यावरच्या मॅडम मोबाइल बघत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मॅडम, यांना शुद्ध नव्हती. तुम्हाला होती."

"आम्ही काही म्हटलं का वहिनी कधी?"

"दार लावलंत."

त्यांच्या मिस्टरांनी घसा खाकरला. मॅडमचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं.  मी त्यांच्याकडे बघत तशीच उभी राहिले, त्या उठून घरात जाईपर्यंत. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज ऐकला. मग मी माझ्या खुर्चीवर येऊन बसले आणि सेक्रेटरी काकांना म्हटलं, "झालं माझं. टाकीचं काय ठरलं?"

मास्टरांकडे तो एकटा गेला. मी गेले नाही, त्यांना माझ्यामुळे पुरेसं झालं होतं. संध्याकाळी घरी येऊन त्यानं मला सांगितलं. मास्टर कापडाच्या थप्पीवर कापायचं मशीन चालवत होते. त्यांनी मशीन बंद केलं नाही. त्यानं मोठ्यानं माफी मागितली. मास्टर म्हणाले, "सुन लिया. माफ नहीं किया. जाओ." तो तिथेच उभा राहिला, तेव्हा मास्टर पुन्हा म्हणाले, "जाओ." एवढं सांगून तो जेवायला बसला. मी त्याला गरम भाकरी वाढली. त्या दिवशी मला जेवणाला फार चव लागली.

ग्रुपमध्ये म्हणतात की सूड घेतल्यावर माणूस रिकामा होतो, पस्तावतो. माझं तसं काही झालं नाही. मला बरं वाटलं आणि ते बरं वाटणं टिकलं. कुणाची गाठ पडू नये म्हणून मी इतके दिवस जिन्यानं जायचे, ती पुन्हा लिफ्टनं येऊ-जाऊ लागले. मॅडमनी दिवाळीत फराळाचं ताट पाठवलं, शिकवणीचंही विचारलं. ताट मी रिकामं करून धुऊन परत केलं. मुलगी म्हणाली, "मला नाही जायचं त्यांच्याकडे." मी म्हटलं, "नको जाऊस." आता तिला चिखलोलीला दुसऱ्या एक बाई शिकवतात.

एकच गोष्ट माझ्या मनाविरुद्ध झाली. त्या सभेनंतर नवरा म्हणाला की कित्येक वर्षांनी त्याला चांगली झोप लागली. मी त्याला शिक्षा दिली आणि त्याला हलकं वाटलं. हे मी शनिवारी वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्या बायका इतक्या हसल्या की पलीकडून पुरुष विचारायला आले काय झालं.

तो अजून पीत नाही. विहारात पाचवं शील हळू आवाजात म्हणतो. मी त्याला माफ केलं का, असं नवीन आलेल्या बायका विचारतात, तेव्हा मी नाही म्हणते. आम्ही एका घरात राहतो, एका स्कूटरवरून शनिवारी उल्हासनगरला जातो, जिन्यावर पोचलो की तो त्याच्या वर्गात आणि मी माझ्या.

मागच्या आठवड्यात परत येताना अंबरनाथला आम्ही वडापाव खायला थांबलो. तो म्हणाला, "अजून काही राहिलंय का गं, सांगायचं? सांगून टाक. मी ऐकतो."

दोन-तीन गोष्टी राहिल्यात. त्यातली एक, डाळीत टाकलेल्या पुडीची, त्यानं कधीच ऐकलेली नाही, बिल्डिंगनंही नाही. मी मिरची चावली, पाणी प्यायले, आणि म्हटलं, "आज नाही."

त्यानं मान हलवली आणि स्कूटर काढली.